तळटीप १४ : सेप्टिमाबाई

१४. सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क (१८९८–१९८७). अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहरच्या शिक्षिका. शहरातील सरकारी शाळा तेव्हा कृष्णवर्णीय शिक्षकांना घेत नसत, म्हणून १९१६ साली त्या जवळच्या जॉन्स बेटावर शिकवू लागल्या. तिथे १३२ मुलांमागे दोन शिक्षिका होत्या. समोरच्या गोऱ्यांच्या शाळेत मुले तीन, आणि तिथल्या एकट्या शिक्षिकेचा पगार या दोघींच्या मिळून पगाराहून जास्त. पुढच्या मजकुरातला त्यांचा संताप या आकड्यांशिवाय कळणार नाही. १९१९ मध्ये त्यांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. पुढच्याच वर्षी चार्ल्सटनच्या शाळा कृष्णवर्णीय शिक्षकांना खुल्या झाल्या. समान वेतनाचा १९४५ चा खटला कोलंबियात चालला. त्यात शिक्षकांचे वकील थर्गुड मार्शल होते, आणि बाईंनीही त्या कामी मदत केली.

मूळ मजकुरात बाईंनी ‘नोकरी सोडली’ असे म्हटले आहे, ते बरोबर नाही. सरकारी नोकरांनी एन.ए.ए.सी.पी. या कृष्णवर्णीयांच्या हक्कसंघटनेचे सभासद असू नये, असा कायदा राज्याने १९५६ मध्ये केला. बाईंनी सभासदत्व लपवले नाही, म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. सुमारे चाळीस वर्षांच्या सेवेचे निवृत्तिवेतनही गेले. ते सुरू व्हायला १९७६ साल उजाडले. ‘दुकानामागची शाळा’ म्हणजे जॉन्स बेटावरचा १९५७ चा प्रौढवर्ग. मतदार म्हणून नाव नोंदवताना वाचून दाखवावे लागे. त्याची तयारी तिथे होई. पुढच्या बाजूला दुकान ठेवले, ते गोऱ्यांचे लक्ष जाऊ नये म्हणून. — संपा.