तारीख आधीच माहीत असलेली आणीबाणी : वायटूके आणि ३३५ कोटी डॉलर

१ जानेवारी २००० ला सकाळी जग नेहमीसारखं उठलं. दिवे लागत होते, फोन चालू होते, विमानं उडत होती. त्याआधी सुमारे सव्वा वर्ष, म्हणजे २१ ऑक्टोबर १९९८ ला, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एका अवाढव्य खर्चाच्या कायद्यावर सही केली होती. सरकारी संगणकांमधली तारखेची चूक दुरुस्त करण्यासाठी त्या कायद्यात ३३५ कोटी डॉलरचा निधी होता आणि तो 'आणीबाणीचा' म्हणून दिला होता.

इथे दोन प्रश्न पडतात. २००० साल येणार हे तर सगळ्यांनाच माहीत होतं, मग ही आणीबाणी कशी? आणि शेवटी काहीच बिघडलं नाही, तर पैसा वाया गेला की कामी आला? पहिला प्रश्न अर्थसंकल्पाच्या इतिहासाचा आहे. दुसरा मात्र तुम्ही भौतिकशास्त्रात, समाजशास्त्रात किंवा आणखी कशातही पीएचडी करणार असलात तरी तुमच्या वाटेत येणारच आहे. म्हणून आज ही केस जरा सविस्तर बघू.

दोन अंकांची काटकसर

आधी मूळ चूक समजून घ्या. सुरुवातीच्या काळात माहिती पंच कार्डावर साठवली जायची आणि एका कार्डावर ८० रकाने असायचे. त्या ८० मध्ये नाव, पत्ता, रक्कम, तारीख असं सगळं बसवायचं. तिथे '१९६५' ऐवजी '६५' लिहिलं की दोन रकाने वाचतात. पुढे चुंबकीय टेप आणि डिस्क आल्या, पण साठवण महागच होती, त्यामुळे सवय टिकली. ती केवळ प्रोग्रामरची सवयही नव्हती. १९६८ मध्ये अमेरिकी सरकारने तारीख लिहिण्याचं जे प्रमाणक काढलं, त्यातसुद्धा वर्षाला दोनच अंक होते.

आता गणित करा. १९९९ मध्ये ६५ साली जन्मलेल्या माणसाचं वय ९९ वजा ६५, म्हणजे ३४. पुढच्या वर्षी ०० वजा ६५, म्हणजे उणे ६५. पेन्शन, व्याज, कर्जाचे हप्ते, औषधाची मुदत, अशा वजाबाकीवर चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीला हा धोका होता. त्याची झलक आधीच दिसत होती. १९९२ मध्ये मिनेसोटातल्या १०४ वर्षांच्या एका आजीबाईंना बालवाडीत प्रवेशाचं निमंत्रण आलं. जन्मसाल '८८' होतं. ते १८८८ आहे की १९८८, हे संगणकाला कळायला मार्गच नव्हता.

इशारे उशिरा आले का?

नाही. आयबीएममध्ये काम केलेले संगणकतज्ज्ञ बॉब बेमर १९७० च्या दशकातच याबद्दल जाहीरपणे लिहीत होते. सप्टेंबर १९९३ मध्ये पीटर डी यागर यांचा 'डूम्सडे २०००' हा लेख 'कॉम्प्युटरवर्ल्ड'मध्ये आला आणि उद्योगजगतात चर्चा सुरू झाली. जुलै १९९६ मध्ये सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी थेट राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं. फेब्रुवारी १९९७ मध्ये संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने, म्हणजे जनरल अकाउंटिंग ऑफिसने, हा प्रश्न आपल्या 'अतिजोखीम' यादीत टाकला.

सरकारात एक खातं मात्र बरंच आधी जागं झालं होतं. ते म्हणजे सामाजिक सुरक्षा प्रशासन. तिथलं काम १९८९ मध्येच सुरू झालं, आणि कारण अगदी साधं होतं. ज्यांना चुकून जास्त रक्कम गेली होती त्यांच्याकडून ती हप्त्यांनी वसूल करायची, आणि काही हप्ते २००० च्या पुढे जात होते. तिथे प्रोग्राम अडला. ज्यांचं काम भविष्यातल्या तारखांशी जोडलेलं होतं, त्यांना चूक आधी दिसली. बाकीची खाती आजच्या तारखेवर काम करत होती, त्यांना ती दिसायला उशीर लागला.

आता खर्चाचा अंदाज कसा वाढत गेला ते बघा. व्हाइट हाउसचं अर्थसंकल्प कार्यालय फेब्रुवारी १९९७ मध्ये म्हणालं, २३० कोटी डॉलर लागतील. ऑगस्ट १९९८ पर्यंत आकडा ५४० कोटींवर गेला. १९९९ मध्ये तो ८०० कोटींच्या पुढे होता. चूक तीच, संगणक तेच. वाढली ती मोजणी. कोणत्या खात्यात किती प्रोग्राम आहेत, ते एकमेकांना कोणती माहिती देतात, याची यादीच कुणाकडे नव्हती. यादी बनत गेली तसा खर्च दिसत गेला.

मग 'आणीबाणी' कुठून आली?

इथे अमेरिकेची अर्थसंकल्पाची पद्धत थोडी समजून घ्यावी लागेल. तूट आवरण्यासाठी १९९० मध्ये तिथे एक कायदा झाला. दरवर्षी संसद जो खर्च मंजूर करते, त्याच्या मोठ्या भागावर त्याने कमाल मर्यादा घातली. मर्यादा ओलांडली तर कपात लागू होणार. पण एक दार उघडं ठेवलं. राष्ट्राध्यक्ष आणि संसद या दोघांनी एखादा खर्च 'आणीबाणीचा' ठरवला, तर तो मर्यादेत मोजायचा नाही. कल्पना अशी की भूकंप, पूर, युद्ध आलं तर हात बांधलेले नकोत.

अर्थसंकल्प कार्यालयाने अशा खर्चाचे निकषही सांगितले होते. खर्च आवश्यक हवा, अचानक उद्भवलेला हवा, तातडीचा हवा, अनपेक्षित हवा आणि कायमचा नको. आता वायटूके या निकषांवर तपासा. आवश्यक, होय. तातडीचा, १९९८ मध्ये नक्कीच. कायमचा नाही, हेही खरं. पण अचानक? अनपेक्षित? कॅलेंडरइतकी अपेक्षित गोष्ट दुसरी कोणती असेल?

गंमत म्हणजे त्या वर्षी सरकारी तिजोरीत पैसा होता. १९९८ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या अर्थसंकल्पात शिल्लक पडली, १९६९ नंतर पहिल्यांदाच. पैसा आहे, पण मर्यादेमुळे खर्च करता येत नाही, अशी स्थिती. त्यात नवं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू झालं तरी तेरापैकी आठ खर्च विधेयकं रखडलेली. शेवटी ती आठही एकत्र बांधून जवळपास ४००० पानांचा एकच कायदा केला गेला, आणि त्यात सुमारे २,१०० कोटी डॉलरचा खर्च आणीबाणीच्या दारातून आत आला. वायटूकेचे ३३५ कोटी त्यातलेच. पुढच्याच वर्षी संसदेने २००० च्या जनगणनेचे सुमारे ४५० कोटी डॉलरही आणीबाणीचे म्हणून मंजूर केले. ही जनगणना दर दहा वर्षांनी घेणं तर त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे!

म्हणजे सरकारी कागदात 'आणीबाणी' हा शब्द दिसला, तर तो घटनेचं वर्णन करतो आहे की हिशेबाचं, हे आधी विचारायचं. इथे तो बराचसा हिशेबाचा शब्द होता. पण म्हणून गरज खोटी ठरत नाही. मुदत खरोखर संपत आली होती, आणि ती पुढे ढकलणं कुणाच्याच हातात नव्हतं.

पैसा गेला कुठे?

३३५ पैकी ११० कोटी संरक्षण खात्यासाठी होते आणि २२५ कोटी बाकीच्या सरकारसाठी. हे २२५ कोटी सरसकट वाटले नाहीत. ते राखीव ठेवले आणि गरज दाखवेल त्या खात्याकडे अर्थसंकल्प कार्यालय संसदेला कळवून ते वळवत असे. समन्वयासाठी फेब्रुवारी १९९८ मध्येच राष्ट्राध्यक्षांनी एक परिषद नेमली होती, जॉन कॉस्किनेन तिचे अध्यक्ष. दुसऱ्या बाजूने प्रतिनिधी सभेतले स्टीफन हॉर्न प्रत्येक खात्याला शाळेच्या प्रगतिपुस्तकासारख्या श्रेणी जाहीरपणे द्यायचे. नापास झालेल्या खात्याचं नाव वर्तमानपत्रात यायचं.

प्रत्यक्ष काम कंटाळवाणं होतं. लाखो ओळींचा जुना कोबोल कोड वाचायचा, तारीख कुठे कुठे वापरली आहे ते शोधायचं, दुरुस्ती करायची, तपासायची, चालू करायची. दुरुस्तीच्या दोन मुख्य रीती होत्या. एक, वर्षाची जागा चार अंकांची करायची. ही पक्की, पण सगळ्या फाइली बदलाव्या लागतात. दुसरी, खिडकीची रीत. समजा, ०० ते ४९ आलं तर २००० नंतरचं धरा, ५० ते ९९ आलं तर १९०० नंतरचं. ही स्वस्त, पण उधारीची. आणि सर्वांत जास्त वेळ जाई तो तपासणीत. मार्च १९९९ ची मुदत आली तेव्हा सरकारच्या अत्यावश्यक यंत्रणांपैकी ९२ टक्के तयार असल्याचं जाहीर झालं.

त्याच कायद्यातलं आपल्या ओळखीचं कलम

आता जरा थांबा, कारण हा भाग आपल्या जवळचा आहे. याच ४००० पानांमध्ये आणखी एक कायदा घातलेला होता. त्याने एचवनबी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० वर नेली, १९९९ आणि २००० या दोन आर्थिक वर्षांसाठी. कोबोल शिकलेली जी मराठी मुलं त्या वर्षांत मुंबई-पुण्याहून अमेरिकेला गेली, त्यांच्या पासपोर्टवरच्या शिक्क्याचं आणि वायटूकेच्या सरकारी निधीचं उगमस्थान एकाच बाडात आहे. कदाचित तुमचे एखादे काका त्यांच्यातलेच असतील.

पण इथेच सावध व्हा. दोन गोष्टी एका कायद्यात आहेत म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. एकत्र बांधलेल्या कायद्यात सगळंच शेजारीशेजारी असतं. व्हिसाची मागणी साऱ्या संगणक उद्योगाची होती आणि वायटूके हा तिचा एक भाग. संबंध दाखवायचा असेल तर समितीपुढच्या साक्षी, कंपन्यांचे करार, व्हिसाचे अर्ज यांतून तो दाखवावा लागेल. नुसत्या शेजारावर प्रबंध उभा राहत नाही.

काहीच झालं नाही, म्हणजे काय?

आता दुसरा प्रश्न. खरं तर काहीच झालं नाही हे पूर्ण खरं नाही. अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांची माहिती वाचणारी जमिनीवरची यंत्रणा त्या रात्री बंद पडली. नौदलाच्या वेधशाळेच्या वेबसाइटवर '१९१००' साल दिसलं. जपानमध्ये एका अणुवीज केंद्राशी जोडलेली किरणोत्सर्ग मोजण्याची यंत्रणा अडखळली. सर्वांत दुःखद प्रकार इंग्लंडमधल्या शेफील्डचा. तिथल्या एका रुग्णालयाच्या संगणकाने गर्भवती स्त्रियांची वयं चुकीची काढली, आणि बाळाला डाउन सिंड्रोम असण्याच्या धोक्याचे दीडशेहून जास्त अहवाल चुकीचे गेले. ही चूक लगेच दिसलीही नाही, काही महिने अहवाल जातच राहिले.

पण मोठा अनर्थ झाला नाही, आणि त्यावर दोन तट पडले. एक म्हणतो, दुरुस्ती केली म्हणून टळला. दुसरा म्हणतो, इटलीसारख्या देशांनी फार कमी तयारी केली, तिथेही काही कोसळलं नाही, म्हणजे खर्च फुगवलेला होता.

दुसरा युक्तिवाद पहिल्यांदा ऐकला की पटतो. तुलनेसाठी आयता गट मिळाला असं वाटतं. पण तो गट खरोखर तुलनेजोगा आहे का? ज्या देशात पेन्शन आणि बँका कमी प्रमाणात जुन्या मोठ्या संगणकांवर चालत होत्या, तिथे बिघडण्यासारखंच कमी होतं. शिवाय दुरुस्ती देशांच्या सीमेवर थांबत नाही. मोठ्या कंपनीने आपलं सॉफ्टवेअर सुधारलं की ते विकत घेणाऱ्या प्रत्येक देशाला फुकटात फायदा मिळतो. उशिरा जागे झालेल्यांना आधीच्यांची हत्यारंही आयती मिळाली. म्हणजे नियंत्रण गटालाही औषध पोचलेलं होतं.

पहिला तटही मोकळा सुटत नाही. 'केलं म्हणून टळलं' हे वाक्य कशालाही लावता येतं, ताईताला सुद्धा. ते टिकवायचं असेल तर तपासणीच्या नोंदी हव्यात. घड्याळ पुढे करून चालवल्यावर कोणता प्रोग्राम पडला? दुरुस्त केला नसता तर कोणाचा चेक थांबला असता? असे कागद लेखापरीक्षणाच्या अहवालांत आहेत, आणि उत्तर तिथे यंत्रणेगणिक वेगळं येतं. काही दुरुस्त्या अत्यावश्यक होत्या, काही निव्वळ खबरदारीच्या. ३३५ कोटी वाया गेले की नाही, याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्याने बहुधा हे कागद पाहिलेले नसतात.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

यातून तीन गोष्टी घ्या. पहिली, तुमच्या स्रोतातला महत्त्वाचा शब्द कायद्याचा आहे की रोजच्या बोलण्यातला, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. दुसरी, एकच आकडा वापरू नका, अंदाज कसा बदलला त्याची मालिका मांडा. २३० ते ८०० हा प्रवास नुसत्या ८०० पेक्षा कितीतरी जास्त सांगतो. तिसरी, न घडलेल्या गोष्टीबद्दल दावा करणार असाल तर 'तसं केलं नसतं तर काय' हे कशावरून ठरवणार, ते पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. मुलाखतीत गाइड हेच विचारणार आहेत.

आणि हो, विषय जुना झाला असं समजू नका. अनेक जुन्या यंत्रणा १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या जागेत मोजतात. ती जागा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते. त्यानंतर घड्याळ १९०१ मध्ये उडी मारतं. तोपर्यंत तुमच्यातले काही जण प्रयोगशाळा चालवत असतील, काही सरकारी समित्यांवर बसलेले असतील. तारीख आत्ताच वहीत लिहून ठेवा, आणि निधीचा प्रस्ताव २०३६ मध्ये 'आणीबाणी' म्हणून आला, तर सोबत यंत्रणांची यादी जोडली आहे का ते आधी विचारा.