प्रिन्स ऑफ वेल्स ड्राइव्ह

प्रिन्स ऑफ वेल्स ड्राइव्ह : लंडनमधील बॅटर्सी पार्क या उद्यानाच्या दक्षिण कडेने जाणारा निवासी रस्ता. पूर्वीचे नाव प्रिन्स ऑफ वेल्स रोड. थेम्सच्या दक्षिणेकडील वँड्सवर्थ बरोमध्ये तो मोडतो. उत्तरेला उद्यानाची झाडी आणि दक्षिणेला लाल विटांच्या, लोखंडी कठड्यांच्या बाल्कन्या असलेल्या उंच ‘मॅन्शन’ इमारतींची लांबलचक रांग, असे त्याचे रूप आहे. व्हिक्टोरियन काळाच्या अखेरीस मध्यमवर्गासाठी बांधलेल्या फ्लॅटांचा हा लंडनमधील एक ठळक नमुना होय.

या जागी पूर्वी बॅटर्सी फील्ड्स नावाची दलदलीची सखल जमीन होती. तिथे भाजीमळे होते, पण लौकिक बरा नव्हता. रविवारी जत्रा आणि दारूबाजी चाले, द्वंद्वयुद्धेही होत. खुद्द पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टनने 1829 मध्ये अर्ल ऑफ विन्चिल्सीशी इथेच पिस्तुलांचे द्वंद्व केले. दोघांनाही इजा झाली नाही. 1846 च्या कायद्याने सरकारने सुमारे 320 एकर जमीन घ्यायचे ठरवले. त्यातली 198 एकर उद्यानाला द्यायची, उरलेली भोवतालची पट्टी बंगल्यांसाठी विकून किंवा पट्ट्याने देऊन खर्च भरून काढायचा, असा हिशेब होता. म्हणजे रस्ता जन्मला तो नगररचनेच्या स्वप्नातून कमी आणि खतावणीतून अधिक. गोदी खणताना निघालेली माती आणून जमीन उंचावली गेली आणि 1858 मध्ये उद्यान खुले झाले.

बंगले मात्र उठेनात. पैसेवाल्या भाडेकरूच्या दृष्टीने जागेत खोड होती. मागे रेल्वेमार्गांचे जाळे, कारखाने आणि कामगारवस्ती पसरत होती. नदीपलीकडच्या चेल्सीत जायचे तर पुलावर टोल भरावा लागे. तो 1879 मध्ये बंद झाला. अनेक भूखंड वर्षानुवर्षे ओस राहिले. त्यांतल्याच एका मोठ्या तुकड्यावर 1885 मध्ये अल्बर्ट पॅलेस हे काचेचे आणि लोखंडाचे करमणूकगृह उघडले. मूळची ही इमारत डब्लिनमधील प्रदर्शनासाठी उभारलेली. ती उकलून इथे आणली होती. धंदा बसला, 1888 मध्ये ते बंद पडले आणि 1894 मध्ये पाडले गेले. त्याची आठवण आता ‘अल्बर्ट पॅलेस मॅन्शन्स’ या इमारतीच्या नावापुरती उरली आहे.

रस्त्याला तारले ते फ्लॅटांनी. एकाच जिन्यावर परक्या कुटुंबांसोबत राहणे इंग्रज मध्यमवर्गाला फार काळ कमीपणाचे वाटे. व्हिक्टोरिया स्ट्रीटवर 1850 च्या दशकात तसे प्रयोग झाले होते, पण चाल प्रतिष्ठित झाली ती नॉर्मन शॉ याच्या अल्बर्ट हॉल मॅन्शन्सपासून (बांधकाम 1879 पासून पुढे). केन्सिंग्टनमधली ही शोभा बॅटर्सीच्या विकासकांनी कमी भाड्यात देऊ केली. 1890 च्या दशकात आणि त्यानंतरच्या थोड्या वर्षांत ओव्हरस्ट्रँड, प्रिन्स ऑफ वेल्स, यॉर्क, सिरिल, प्रिमरोझ अशी ‘मॅन्शन्स’ उभी राहिली. त्यांतली दोन नावे सिरिल फ्लॉवरशी जुळतात. जवळची पार्क टाउन वसाहत याच्या वडिलांनी वसवली, आणि 1892 मध्ये तो स्वतः बॅटर्सी व ओव्हरस्ट्रँडचा बॅरन झाला.

दक्षिण बाजूलाच इमारती असल्याने दर्शनी दिवाणखाने उत्तरेकडे तोंड करून आहेत. उन्हासाठी आसुसलेल्या शहरात ही उणीवच, पण समोरच्या झाडीने ती खपवली. मागच्या खिडक्यांतून दुसरेच बॅटर्सी दिसे. दर्शनी भिंतीवरचा सगळा थाट उद्यानाच्या बाजूने खर्ची घातलेला आहे, हे या रस्त्याचे खरे मर्म.

भाडे परवडणारे असल्याने लेखक-कलावंत इकडे आले. त्यांत सर्वांत नामांकित जी. के. चेस्टरटन. 1901 मध्ये लग्नानंतर काही काळातच तो ओव्हरस्ट्रँड मॅन्शन्समध्ये राहायला आला आणि 1909 मध्ये बीकन्सफील्डला गेला. ‘द नेपोलियन ऑफ नॉटिंग हिल’ (1904) आणि ‘द मॅन हू वॉज थर्सडे’ (1908) या त्याच्या कादंबऱ्या इथल्या वास्तव्यातल्या. बॅटर्सीलाच पोहोचण्यासाठी जगभर फिरायला निघणाऱ्या माणसावर त्याने एक निबंधही लिहिला आहे. 1909 मध्येच भारतीय राष्ट्रवादावरचा त्याचा एक लेख लंडनमध्ये असलेल्या गांधींच्या वाचनात आला. ‘हिंद स्वराज’च्या पार्श्वभूमीत अभ्यासक त्याचा उल्लेख करतात. 1930 च्या दशकात आयरिश नाटककार शॉन ओकेसी ओव्हरस्ट्रँड मॅन्शन्सच्याच 49 क्रमांकाच्या फ्लॅटमध्ये राहत होता. तिथे त्याच्या नावाची निळी पाटी आहे.

राजकारणाने मागच्या आणि पुढच्या बॅटर्सीला एका मतदारसंघात बसवले. बॅटर्सी नॉर्थने 1922 मध्ये आणि पुन्हा 1924 मध्ये मुंबईत जन्मलेल्या शापूरजी सकलातवालांना पार्लमेंटवर पाठवले. टाटा घराण्याचे नातलग असलेले हे पारशी गृहस्थ कम्युनिस्ट होते. सगळ्या मॅन्शनवासीयांनी त्यांनाच मत दिले असेल असे मानायचे कारण नाही.

1930 च्या दशकात पूर्वेच्या टोकापलीकडे बॅटर्सी वीजकेंद्राची धुराडी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चेल्सीत घर न परवडणारे तरुण नोकरदार नदी ओलांडू लागले. या भागाला थट्टेने ‘साउथ चेल्सी’ म्हटले जाई. भाड्याचे फ्लॅट हळूहळू दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांवर विकले गेले. 1993 च्या कायद्याने अशा पट्टेदारांना, ठरावीक अटींवर, एकत्र येऊन इमारतीची मूळ मालकी विकत घेण्याचा हक्क मिळाला. वीजकेंद्र 1983 मध्ये बंद पडले. 2021 मध्ये नॉर्दर्न लाइनची भुयारी रेल्वे त्याच्या दारापर्यंत आली आणि पुढच्या वर्षी तिथे दुकाने व कचेऱ्या सुरू झाल्या.