पुण्याची तहान आणि पुण्याची सहल

पावसाळ्यातल्या रविवारी पुण्यात सहलीचा विषय निघाला की नावे ठरलेली असतात. खडकवासला, पानशेत, मुळशी, ताम्हिणी, लोणावळ्याचे भुशी, पवना. थंडी पडली की त्यात भिगवण येते. शहराबाहेर, हिरवळीत, निसर्गात एक दिवस काढायचा, एवढाच विचार निघताना मनात असतो. पण ही नावे एकाखाली एक लिहून पाहिली तर ध्यानात येते की यातले जवळजवळ प्रत्येक ठिकाण कुणीतरी, कधीतरी, कशासाठीतरी अडवलेल्या पाण्याच्या काठावर आहे. कुठे ते पाणी पुण्याच्या पेठांसाठी अडवले, कुठे छावणीसाठी, कुठे आगगाडीच्या इंजिनासाठी, तर कुठे मुंबईच्या गिरण्यांच्या विजेसाठी. पुण्याच्या एक दिवसाच्या सहलीचा नकाशा शहराच्या आणि उद्योगांच्या तहानेने आखला आहे. हे मान्य केले तर त्या पाण्याखाली काय गेले याची आठवण ठेवणे हाही सहलीचाच भाग ठरतो.

सुरुवात पेशवाईत होते. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या डोंगरपायथ्याशी तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळातून शहरात पाणी आणले. माणूस आत चालू शकेल एवढा हा नळ काही भागांत प्रशस्त आहे. त्याच्या वाटेवर जागोजागी हवा खेळावी आणि आतला दाब सुटावा म्हणून उंच बांधीव उच्छ्वास उभारले होते. हे पाणी शनिवारवाड्याच्या हौदांत पडे, तसेच काळा हौद, बदामी हौद अशा पेठांतल्या हौदांतही पडे. याच काळात पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून मोठा तलाव केला गेला. त्याच्या काठावर हिराबाग झाली, मधल्या बेटावर सारसबाग झाली आणि १७८४ मध्ये, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, तिथे गणपतीची स्थापना झाली. तलाव पुढे आटवला गेला, पण जुने पुणेकर त्या देवाला आजही तळ्यातला गणपती म्हणतात. त्याच परिसरात विसाव्या शतकात पेशवे पार्क उभे राहिले आणि १९५६ मध्ये तिथे मुलांची छोटी आगगाडी, फुलराणी, धावू लागली. पुढे या पार्कमधले प्राणिसंग्रहालय हलवायची वेळ आली तेव्हा जागा सापडली ती कात्रजच्या तलावाशेजारी. म्हणजे पुण्याच्या मुलांच्या दोन पिढ्यांनी वाघ पाहिला तो नानासाहेबांच्या दोन तलावांच्या जागी. हा योगायोग नाही. शहराच्या कडेला मोकळी, सावलीची, झाडे धरणारी जमीन उरली ती पाणी राखण्यासाठी ठेवली होती म्हणूनच.

इंग्रजी अमलात पाण्याची गरज बदलली आणि सहलीची जागाही तिच्यामागे सरकली. लष्करी छावणीला पाणी हवे म्हणून येरवड्याजवळ मुळा-मुठेवर बंधारा घालण्यात आला. तो १८५० मध्ये पुरा झाला आणि त्याच्या खर्चाचा मोठा वाटा जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीतून आला. त्या बंधाऱ्याशेजारी जी बाग झाली तिचे नावच बंडगार्डन. साहेबलोकांच्या संध्याकाळच्या फेरफटक्याची ही जागा होती, तिथे बँड वाजे, आणि हळूहळू शहरातले हिंदी लोकही तिथे जाऊ लागले. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या वाड्याला आणि खडकीला पाणी मिळावे म्हणून पाषाणचा तलाव झाला. तिथे आता पक्षी पाहणारे जमतात. पण सगळ्यांत मोठे काम खडकवासल्याचे. कर्नल फाइफ यांच्या आराखड्याने १८६९ च्या सुमारास सुरू झालेले हे धरण पुढच्या दहाएक वर्षांत उभे राहिले. जवळजवळ एक मैल लांबीची दगडी भिंत, तिच्यापासून निघालेले दोन कालवे आणि मागे पसरलेले ‘लेक फाइफ’ हे तेव्हा हिंदुस्थानातल्या मोठ्या बांधकामांपैकी एक मानले जाई. पुणे शहराचे आणि छावणीचे पाणी, पूर्वेकडच्या दुष्काळी गावांची शेती, हे त्यामागचे हेतू होते. काठावर बसून कणीस खावे हा हेतू कुणाच्याही आराखड्यात नव्हता. तरी दीडशे वर्षांनी या धरणाची लोकांच्या मनातली ओळख खडकवासला चौपाटी अशी आहे.

लोणावळ्याचीही हीच हकीकत. बोरघाटातून आगगाडी १८६३ मध्ये सुरू झाली आणि चढावर दमणाऱ्या वाफेच्या इंजिनांना घाटमाथ्यावर भरपूर पाणी लागू लागले. भुशीचे धरण जीआयपी रेल्वेने याच गरजेतून बांधले. इंजिने गेली, धरण राहिले. सांडव्याच्या ज्या पायऱ्यांवरून ओसंडणाऱ्या पाण्यात आज लोक बसतात तो त्या जुन्या कामाचा भाग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे पाणी साठवले. घाट उतरून खाली जाणाऱ्या त्या पाण्यावर खोपोलीच्या वीजघराने १९१५ मध्ये मुंबईला वीज द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून पुणे जिल्ह्याचा पावसाळा मुंबईच्या कारखान्यांसाठी पश्चिमेकडे वळवण्याचा उद्योग सुरू झाला. मुळशी हे त्याचे पुढचे पाऊल.

मुळशीपाशी थोडे थांबलेच पाहिजे. आंबेमोहोरासाठी नावाजलेल्या मुळशीच्या खोऱ्यातली अनेक गावे या धरणासाठी बुडणार होती. सरकारने जमीन संपादनाचा कायदा टाटांच्या कंपनीच्या हाती दिला आणि शेतकऱ्यांना विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी मावळ्यांना संघटित केले, ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा झाली, बायकामुलांसह लोक कामावर जाऊन बसले आणि तुरुंगात गेले. बापटांना सेनापती हे नाव याच लढ्याने दिले. काही काळ काम थांबले, पण शेवटी पाणी चढले आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास करून त्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे. पुढे नर्मदेच्या काठावर जे प्रश्न विचारले गेले, म्हणजे कुणाची जमीन, कुणाचा फायदा आणि ठरवणार कोण, ते सगळे इथे आधी विचारले गेले होते. आज ताम्हिणीला जाणारी गाडी मैलोगणती या तलावाच्या काठाने जाते. काचेतून दिसणारे विस्तीर्ण पाणी सुंदर आहे यात शंका नाही. पण ते भाताच्या खाचरांवर उभे आहे हे सांगणारे फारच थोडे त्या वाटेवर आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सहल ही काही इंग्रजांनी किंवा धरणांनी आणलेली नाही. कार्तिकात आवळीभोजन होते, वनभोजने होती, चतुःशृंगीची जत्रा होती, आळंदी-देहूला जाऊन संध्याकाळी परतणे होते. हे खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. एक दिवस घराबाहेर, झाडाखाली, चार घरांनी मिळून जेवण्याची हौस ही आपल्या घरचीच आहे. पण वनभोजनाला जागा कशी निवडत हे पाहिले तर माझा मुद्दा पक्काच होतो. विहीर, ओढा, नदीचा घाट किंवा तळे जवळ असल्याशिवाय स्वयंपाक मांडताच येत नसे. जुन्या चालीने माणसाला पाण्यापाशी नेले. नव्या काळात पाणी जिथे अडवले गेले तिथे ती चाल जाऊन राहिली. फरक एवढाच पडला की जुन्या घाटाला, विहिरीला बांधणाऱ्याचे नाव आणि एखादी कथा चिकटलेली असे. धरणाच्या पाण्याला आपण तशी कथा चिकटू दिली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सिंहगड, राजगड, तोरणा, पुरंदर, कार्ले-भाजे यांचे काय? तिथे माणूस इतिहासासाठी जातो, पाण्यासाठी नव्हे. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या व्याख्यानांनी आणि गोनीदांच्या लेखनाने कित्येक मराठी घरांतली मुले गडांवर चढू लागली, हे धरणांच्या हिशेबात बसवता येत नाही आणि बसवूही नये. पण गड असो की लेणे, पाण्यावाचून ते वसलेले नाही. सिंहगडावर थंड पाण्यासाठी देवटाक्याचे नाव घेतात. सह्याद्रीतल्या लेण्यांच्या प्राकृत शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे आणि तिचे दान करणाऱ्यांची नावे दोन हजार वर्षे दगडावर टिकून आहेत. पाणी देणाऱ्याचे नाव कोरण्याची रीत आपल्याकडे एवढी जुनी आहे. शिवाय रविवारी सिंहगडाच्या वाटेवर उसळणारी गर्दी खडकवासल्याच्या काठावरूनच वर जाते आणि परतताना तिथेच थबकते. वर गेल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही देणारी माणसे घेऱ्यातल्या, डोणज्याच्या आणि आसपासच्या वाड्यांतली असतात. शहराच्या सहलीवर त्यांची चूल पेटते हे खरे, पण याच खोऱ्यातले पाणी शहराच्या नळाला जाते हा हिशेबही त्याच ताटात आहे.

पाणी विसरण्याची किंमत पुण्याने एकदा मोजली आहे. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्यात खडकवासल्याची जुनी भिंतही गेली आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. शहराचा नकाशाच त्या दिवसाने बदलला. दोन्ही धरणे पुन्हा उभी राहिली. पानशेतच्या जलाशयाला तानाजीसागर हे नाव मिळाले, वरसगाव आणि टेमघरची भर पडली आणि काठाकाठाने सहलीची ठिकाणे वाढली. पुराच्या आठवणी सांगणारी पिढी आता थोडी उरली आहे. आजच्या अपघातांचे मूळही मला याच विसरण्यात दिसते. जून २०२४ मध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. जून २०२५ मध्ये तळेगावजवळच्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळून चार जण गेले. बंदीचे फलक लावणे आणि गर्दीला दोष देणे सोपे आहे. पण ज्या लोकांना हे पाणी कुठून येते, कुणासाठी अडवले जाते आणि किती वेळात चढते हे शाळेत, फलकावर, वाटेवर कुठेच सांगितले गेले नाही, त्यांच्याकडून त्याचा धाक बाळगण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

कुणी म्हणेल, मग धरणाकाठी आनंद मानणेच चूक का? मुळीच नाही. भिगवणला हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी पाहायला जाणे हा आयुष्यात करावा असा अनुभव आहे आणि ते पक्षी तिथे उतरतात ते भीमेवर उजनीचे धरण होऊन उथळ फुगवटा पसरला म्हणूनच. धरणाने नुसते हिरावले असे म्हणणे खोटे होईल. पण उजनीपाशी पुण्याचा हिशेब पुरा होतो. मुठेचे जे पाणी आपण खडकवासल्यातून उचलतो तेच आपल्या मोऱ्यांतून मुळा-मुठेत आणि पुढे भीमेतून उजनीत जाऊन थांबते. वरच्या टोकाला आपण सहलीला जातो ते आपल्या पिण्याच्या पाण्याकाठी आणि खालच्या टोकाला जातो ते आपणच मळवलेल्या पाण्याकाठी. मधल्या गावांनी ते दोन्ही सोसले आहे.

म्हणून मागणी साधी आहे. कात्रजच्या नळाचे जे उच्छ्वास शहरात उरले आहेत ते राखावेत आणि ते काय आहेत हे त्यांच्यापाशी लिहावे. मुळशीच्या काठावर बुडालेल्या गावांची नावे, पोढीच्या दात्यांची कोरली होती तशी, दगडात कोरावीत. पाण्याखाली काय आहे हे पाहायचे असेल तर उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवला जावे. उजनीचे पाणी ओसरले की बुडालेल्या जुन्या गावातले पळसनाथाचे देऊळ शिखरापासून हळूहळू वर येते आणि भिगवणच्या बाजूचे मच्छीमार आपल्या होडीतून माणसांना तिथे नेतात.