विठ्ठल नावाची फोड

शंभर वर्षं हे नाव घेत आमची दिंडी चालली. पण नावाचा अर्थ काढायला बसलो ते एकदा वाखरीच्या मुक्कामी, आणि तिथं भांडणच व्हायची वेळ आली. कॉलेजात शिकणारा आमचाच एक पोरगा म्हणाला, 'विठ्ठल' हा शब्द कानडीतून आला. विणेकरी बाबा तापले. "म्हंजे देव परका झाला का रं?"

पोरगं पदरचं सांगत नव्हतं. डॉ. रा. गो. भांडारकरांनी विष्णूचं कानडी रूप 'बिट्टि' आणि त्यातून विठ्ठल, अशी वाट दाखवली. होयसळ राजा विष्णुवर्धन याचं एक नाव बिट्टिदेव होतंच. पंढरपुरातला १२३७ सालचा शिलालेखही होयसळ राजा सोमेश्वराचा. राजवाडे मात्र वेगळं म्हणत: 'विष्ठल' म्हणजे लांबचं, रानातलं ठिकाण, तिथला देव तो विठ्ठल.

'पांडुरंग' तर आणखी गमतीचं. पांडुर म्हणजे पांढरा, अन् आपला देव काळासावळा! पंढरीचं जुनं कानडी नाव 'पंडरगे', त्याला संस्कृत साज चढवून पांडुरंग झालं, असं जाणकार सांगतात. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांच्या कोशात मात्र 'पंडरंग' म्हणजे शंकर. भस्म फासलेला गोरा देव! विठोबाच्या माथ्यावर शिवलिंग आहे असं आपण मानतो, ते इथं आठवावं.

आपल्या लोकांनी या नावाशी खेळही पुष्कळ केला. विटेवर उभा म्हणून विठ्ठल, हे तर पोरंसोरंही सांगतात. तुकोबांनी 'वि' म्हणजे पक्षी, गरुड, आणि 'ठोबा' म्हणजे वाहन अशी फोड केली. जुन्या शास्त्र्यांची आम्हांला जास्त आवडते: विद् म्हणजे ज्ञान, ठ म्हणजे शून्य, ल म्हणजे घेणारा. ज्ञानाच्या नावानं शून्य असलेल्यांना जो पदरात घेतो तो विठ्ठल. यात आमची अख्खी दिंडी बसते! आणि ज्ञानोबारायांनी देवाला 'कानडा' म्हटलं, त्याचा अर्थ कर्नाटकातला आणि न कळणारा, दोन्ही लागतो.

त्या रात्री पोरानं बाबांना पुरंदरदासांचं सांगितलं. त्यांच्या कानडी पदांत शेवटी 'पुरंदर विठ्ठल' ही मुद्रा येते. बाबा गप्प राहिले. सकाळी कर्नाटकातले वारकरी शेजारून निघाले, तेव्हा बाबांनी त्यांना बुक्का लावला अन् पाया पडले. भाषा कुणालाच येईना, तोंडी नाव मात्र तेच.

'बिट्टि' मात्र बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही.