कायमचा पत्ता

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आठवतात. आज आम्ही एका तीन आकडी संख्येचा इतिहास सांगणार आहोत. ती संख्या ३०१.

वेबवरचे पान हलले, तरी त्याचा जुना पत्ता लोकांच्या वह्यांत, पुस्तकांत आणि इतर पानांवर राहतोच. त्या पत्त्यावर कोणी आले, तर सर्व्हरने त्याला काय सांगावे? मे १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० या नियमपत्रात दोन उत्तरे नोंदलेली आहेत. ३०१ म्हणजे कायमचे हलले. ३०२ म्हणजे तात्पुरते हलले. पहिले ऐकून शोधयंत्रे नवा पत्ता नोंदवून घेतात. दुसरे ऐकून बहुधा जुनाच धरून ठेवतात.

परंतु हे उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा? जानेवारी १९९७च्या एचटीटीपी १.१ने प्रत्येक मागणीत संकेतस्थळाचे नाव सांगणे सक्तीचे केले. त्यामुळे एकाच यंत्रावर, एकाच आयपी पत्त्यावर अनेक संकेतस्थळे नांदणे सोपे झाले. ही एक चाळच होय. चाळीची मुख्य नियमावली मालकाच्या कुलपात असते. भाडेकरूचा हात तेथे पोहोचत नाही.

तथापि भाडेकरूला स्वतःच्या दारावर पाटी लावता येते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए संस्थेच्या सर्व्हरमध्ये 'डॉट-एचटीअ‍ॅक्सेस' नावाच्या फाइलची सोय होती. त्याच सर्व्हरच्या दुरुस्त्यांतून १९९५ साली अपाची जन्मला आणि ही सोय त्याच्याकडे वारशाने आली. मालकाने मुभा ठेवली असेल, तर त्या फाइलीत एक ओळ पुरते : आधी 'रिडायरेक्ट', मग 'पर्मनंट', मग जुनी वाट, शेवटी नवा पत्ता. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागत नाही. मात्र 'पर्मनंट' हा शब्द गाळला, की सर्व्हर ते स्थलांतर तात्पुरते समजतो. कायम आणि हंगामी या दोन शब्दांत केवढे अंतर असते, हे कामगारांत आयुष्य काढलेल्या आम्हांस कोणी समजावून द्यायला नको!

१९९८ साली वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी एका लेखात बजावले, की पत्ता मुळात बदलूच नये. तो मोडतो तो तंत्रामुळे नव्हे, माणसाच्या बेफिकिरीमुळे. तरीही ऑक्टोबर २००९मध्ये याहू कंपनीने जिओसिटीज ही मोफत वसाहत बंद केली. तेथील पत्ते जिओसिटीजच्या नावाने होते आणि ते नाव रहिवाशांचे नव्हते. स्वयंसेवकांनी धावपळ करून बऱ्याच पानांच्या प्रती वाचवल्या, एवढेच. चाळच पाडली, तर दारावरची पाटी कोठे राहणार?

यातून आम्ही दोन गोष्टी शिकतो. खोली भाड्याची असली तरी नाव स्वतःचे नोंदवावे, म्हणजे मालक बदलला तरी पत्ता आपल्याबरोबर येतो. आणि जागा सोडताना लावलेली पाटी वर्षानुवर्षे काढू नये. जुना पत्ता घेऊन येणारा माणूस अनोळखी असतो खरा. पण तो आपलेच बोलावणे घेऊन आलेला असतो.