तराजू कोणाच्या हातात?

१९६१ साली अमेरिकेतील न्यू हेवन शहराच्या वर्तमानपत्रात एक जाहिरात आली. स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसे हवी होती. एका तासाचे ४ डॉलर आणि वर गाडीभाडे मिळणार होते.

येल विद्यापीठातील तरुण मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांना तपासायचा होता तो आज्ञाधारकपणा. आलेल्या माणसाला ‘शिक्षक’ करत. पलीकडच्या खोलीतला ‘विद्यार्थी’ चुकला की त्याने विजेचा धक्का द्यायचा. दर चुकीला १५ व्होल्ट वाढवत ४५० पर्यंत. धक्के खोटे होते आणि विद्यार्थी प्रयोगात सामील होता. शिक्षकाला मात्र यातले काही ठाऊक नव्हते.

१९६३ च्या निबंधानुसार ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा जगभर गाजला. त्याच निबंधातली दुसरी नोंद मात्र फारशी कोणी सांगत नाही. माणसे घामाघूम झाली, थरथरली, अडखळू लागली; १४ जणांना विचित्र हसू आवरेना; तिघांना अनावर झटके आले.

१९६४ मध्ये डायना बॉमरिंड यांनी यावरच बोट ठेवले. प्रयोगशाळेत माणूस विश्वासाने येतो; त्या विश्वासाचा असा उपयोग करून त्याच्या आत्मप्रतिमेला धक्का देण्याइतका लाभ खरोखर मोठा आहे काय, असा त्यांचा सवाल होता. मिलग्रम यांनी आकड्यांनी उत्तर दिले. नंतर पाठवलेल्या प्रश्नावलीत सुमारे ८४ टक्के लोकांनी भाग घेतल्याचे समाधान व्यक्त केले होते. खेद होता तो १.३ टक्क्यांना.

उत्तर वजनदार आहे, पण हे वजन घटनेनंतर केलेले आहे. शिवाय पुढे जीना पेरी यांनी येलमधली कागदपत्रे चाळली, तेव्हा दिसले की अनेकांना धक्के खोटे होते हे त्या दिवशी सांगितलेच नव्हते. काहींना ते कळायला महिने लागले. ज्ञान साऱ्या जगाला मिळाले, घोर मात्र त्या एकेकट्याच्या जिवाला लागला.

टस्कीगी येथील सिफिलिसचे प्रकरण १९७२ मध्ये उघडकीस आले, १९७४ मध्ये कायदा झाला आणि १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल प्रसिद्ध झाला. जोखीम आणि लाभ प्रयोगाआधी तोलायचे आणि तराजू एकट्या संशोधकाच्या हाती ठेवायचा नाही, ही रीत या काळात पक्की झाली.

त्या रीतीत राहून जेरी बर्गर यांनी २००९ मध्ये हाच प्रयोग प्रसिद्ध केला. मिलग्रम यांच्याकडे १५० व्होल्ट ओलांडणाऱ्यांपैकी ७९ टक्के शेवटपर्यंत गेले होते. म्हणून बर्गर १५० वरच थांबले. नाजूक मनःस्थितीच्या लोकांना त्यांनी आधीच वगळले आणि खरे काय ते प्रयोग संपताक्षणी सांगितले. तरीही ७० टक्के लोक पुढचे बटण दाबायला तयार होते. कमी यातनेत जवळपास तेच कळले.

पण थांबायचे कुठे हे बर्गर यांना ठाऊक होते ते जुन्या आकड्यांमुळे. ती सुरक्षित रेषा थरथरत्या हातांनी आखून दिली होती. त्या हातांना मात्र कोणी आधी विचारले नव्हते.