मामीचं शास्त्रीय नाव

आमच्या जानेफळात 'हायब्रीड' म्हटलं की ज्वारी. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित वाण आलं. कणसं भरघोस, पण भाकरीला चव नाही, ही तक्रार वडिलांच्या तोंडी अखेरपर्यंत होती. त्यामुळे कॅनडातला भाचा परवा फोनवर म्हणाला, "मामा, इकडे हायब्रीड मिळतं, आंब्याचा वास येतो," तेव्हा मी विचारलं, "भाकरी जमते का?"

तो गांजाविषयी बोलत होता!

सॅटायव्हा आणि इंडिका यांचा म्हणे हा संकर. एकीने तरतरी, दुसरीने सुस्ती, हा झाला दुकानदारांचा दावा. वास मात्र खरा. आंब्यातलं मिरसीन, लिंबाच्या सालीतलं लिमोनीन हीच द्रव्यं या झाडाच्या फुलोऱ्यावरच्या बारीक ग्रंथींत तयार होतात. नशेचं द्रव्यही तिथंच. म्हणजे वास आणि नशा यांचं संयुक्त खातं!

'इंडिका' हे नाव १७८५ साली लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने भारतातल्या झाडावरून दिलं. तेव्हा हायब्रीडचं आजोळ आपल्याकडेच. त्याच्या कितीतरी आधी अमरकोशाने भांगेला 'मातुलानी' म्हटलंय. मातुलानी म्हणजे मामी! शब्द आहे वैश्यवर्गात, धान्यांच्या पंगतीत. मी बी.कॉम., म्हणजे वैश्यवर्ग माझाच विषय. उत्साहाने ही व्युत्पन्न माहिती मी स्वयंपाकघरात दिली. भाच्याची मामी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. संशोधनही थांबलं.

दुसऱ्या दिवशी, मामी देवळात गेल्यावर, पुढे वाचलं. १८९३ साली इंग्रज सरकारने आयोग नेमला. त्याने १,१९३ साक्षीदारांचं म्हणणं घेतलं आणि १८९४ मध्ये सांगितलं की अतिरेक वाईट, पण माफक सेवनाने फारसं बिघडत नाही. बंदी नको, कर आणि परवाने ठेवा. वसुली चालू राहिली. मग १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि १९८५ साली आपला कायदा आला. कॅनडात १९२३ पासून बंदी होती, ती २०१८ मध्ये उठली. त्यांनी दार उघडलं, आपलं बंदच.

आपल्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे 'फुलणारे किंवा फळणारे शेंडे'. शेंड्यांवाचूनची पानं त्यातून वगळली. म्हणजे जिथे आंब्याचा वास, नेमकी तिथेच बेडी. सुटलेल्या पानांनीही हुरळून जाऊ नये. राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा त्यांच्याकडे परवाना मागतो. आणि आजोबांच्या शेतात भाच्याने हौसेनं एक रोप लावलंच, तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

"येताना थोडं आणू का?" भाच्याने विचारलं.

मी हसण्यावारी नेणार होतो, पण आवाज चढलाच. "बाबा रे, तिथे ज्याची पावती मिळते, त्याचा इथे पंचनामा होतो. झाड तेच, पण तुझी उमेदीची वर्षं कोण परत देणार?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मे महिन्यात येतो, मामा. आंबे खायला."

मामीने फोन हिसकावून घेतला आणि वर भाकरीही कबूल केली. गावरान ज्वारीची.